गस्तीच्या जहाजावर मला बसायला सांगितलं

“काका, तिथं बसा ना जरा. उकिडवे. निर्वासित म्हणून फोटो काढतो. तुम्हाला तर मेकअपसुद्धा नको.”

मुलाचे साहेब बोलले. आपल्याच भाषेत. त्यांची बायको हसली. माझा मुलगाही हसला. त्याचं हसणं लागलं मला.

नेदरलँड्सच्या उत्तरेचं बंदर. नौदलाचं गस्तीचं जहाज लोकांना बघायला खुलं केलेलं. मुलगा राहतो त्या ब्रेडा शहरातून मला घेऊन आला होता. साहेब सोबत, कारण त्यांनीच त्याला इकडे नोकरीला लावलं. समुद्रात बुडणारी माणसं आम्ही काढतो, इथं डेकवर बसवतो, असं नौदलाचा एक गोरा पोरगा जागा दाखवून सांगत होता. नीट सांगत होता बिचारा.

साहेब मराठीत म्हणाले, “काढतात म्हणून तर येतात. दोन-चार बोटी बुडू द्या, आपोआप थांबतील.” आणि मग माझ्यासमोर मोबाइल धरला.

“बसा ना बाबा, मजा म्हणून,” मुलगा म्हणाला.

नाही बसलो.

चौथी नापास माणूस मी. मालवाहू जहाजावर खलाशी. भूमध्य समुद्रात आमचं जहाज बुडालं, हे घरी कधी सांगितलं नाही. बायकोनं परत दर्यावर जाऊच दिलं नसतं, मग चूल कशी पेटली असती? अशाच गस्तीच्या जहाजानं आम्हाला वर ओढलं. त्यांनी हातमोजे घालून, स्वतःचं तोंड फडक्यानं बांधून ओढलं. पण ओढलं. रबरी होडीतून निघालेली निर्वासित माणसं आधीच तिथं बसवलेली. आम्हीही त्यांच्यातच. काळे, ओले, अनवाणी. शेजारच्या बाईचा नवरा वर आलाच नव्हता. तिनं अंगावरचं अर्धं कांबळं माझ्या खांद्यावर टाकलं. आमच्या बंदरात दर्यातून वाचलेल्याला आधी गूळपाणी देतात, मग नाव विचारतात. त्या बाईनं नाव विचारलंच नाही.

हे सगळं मी तिथंच बोललो. मोठ्यानं. गोरे लोक वळून बघायला लागले.

“अहो काका, चिडता काय! तुम्ही नोकरीवर होतात. कागदपत्रं होती. तुमची गोष्ट वेगळी.”

“कागदं जहाजाबरोबर बुडाली, साहेब. दोन-चार बोटी बुडू द्या म्हणालात ना? त्यात मीपण येतो. आता माझ्या तोंडाकडे बघून म्हणा.”

साहेबांनी मोबाइल खिशात घातला.

परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, “बाबा, रविवारी त्यांच्या घरी जेवण आहे. तेवढं सॉरी म्हणा. माझं सगळं त्यांच्या हातात आहे.”

मुलाच्या पोटाचा प्रश्न आहे, कळतं मला. त्याच्या पोटासाठीच तर दर्यात गेलो होतो. पण माफी? हाडं गेली मसणात तरी नाही.

रविवारी जाणार. इथली सगळी मराठी मंडळी असतील. पहिल्या घासाआधी सांगणार, मला समुद्रातून काढलंय, मी त्या लोकांतला आहे. ज्याला माझ्या पंक्तीला बसायचं नसेल, त्यानं उठावं.

मी उठणार नाही.