खोबरमधले चार आवाज

शेजारच्यांचा जुना, खिडकीत बसवलेला एसी आज मोसमात पहिल्यांदा सुरू झाला आणि त्याचा तो धुळकट, ओलसर, गंजका वास माझ्या गॅलरीत शिरला. असल्या वासाने लोकांना शिंका येतात, मला सौदीतलं अख्खं अल-खोबर आठवतं. दोन हजारच्या दशकातली आमची तिथली इमारत! सगळ्या खोल्यांतले एसी एकदम लागले की समोरचं आखात थरथरायचं आणि बहारीनच्या बाजूचे मासे झोपमोड झाल्याची तक्रार करायचे. पटत नसेल तर मासे वगळा. पण त्या घरघरीच्या आडोशाला बसून आम्ही चौघांनी युरोपचं सात-आठशे वर्षांचं संगीत एका हिवाळ्यात गाऊन काढलं, यातला काना-मात्राही मी कमी करणार नाही.

आडोसा लागायचाच. गाण्याबजावण्याकडे तिथे तेव्हा बऱ्या नजरेने पाहत नसत. आमचं शुक्रवारचं भजन दार लावून, पडदे ओढून, टाळांना रुमाल गुंडाळून चालायचं. बुवा साताऱ्याकडचे, पाइपलाइनवरचे इंजिनिअर, आणि मी त्यांच्यामागे खर्ज लावणारा. माझा खर्ज असा की खालच्या रस्त्यावर उभ्या गाड्यांचे भोंगे आपोआप बोंबलायला लागत. वरच्या मजल्यावर गोव्याच्या एक बाई राहत. गावी शाळेत आणि चर्चच्या गायनवृंदात त्यांनी गाणं शिकवलेलं, म्हणून सगळी इमारत त्यांना ‘टीचर’च म्हणे. एकदा त्या सोलकढीचं भांडं परत द्यायला आल्या, भजन संपेपर्यंत दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गोड गाता हो. पण सगळे एकाच माणसाच्या मागून कशाला जाता?”

“आवो टीचर, मागनं न्हाई गेलं तर त्याला भजन न्हाई, भांडन म्हनत्यात,” बुवा म्हणाले.

“मग या, भांडायला शिकवते.”

टीचरच्या यजमानांचं काम संपत आलं होतं, हिवाळ्याअखेर पासपोर्टवर कायमच्या परतीचा शिक्का बसणार होता. “गोव्यात मला चार आवाज कुठेही मिळतील,” त्या म्हणाल्या. “पण ह्या गावात मी इतकी वर्षं तोंड मिटून काढली. जाण्यापूर्वी एकदा इथेच, ह्याच भिंतींत, चार आवाज उभे करून जाईन.” हे सांगताना त्यांचा स्वर इतका खाली आला की मलाही अतिशयोक्ती सुचेना.

आणि सुरू झाली आमची, म्हणजे टीचर, बुवा, माझी बायको आणि मी अशा चौघांची, ती विलक्षण यात्रा. वाद्य नाही, शब्द नाहीत, नुसता आकार. आकारावर कोण काय आक्षेप घेणार? आधी मध्ययुगातल्या मठांची ती एकाकी, ठेक्याविना वाहणारी चाल. बुवांचा हात मांडीवर पडू पाहायचा, टीचर तो वरच्यावर पकडायच्या. मग तीच चाल एकाने षड्जावरून, दुसऱ्याने पंचमावरून, तानपुऱ्याच्या दोन तारा पायी चालू लागाव्यात तशी. मग खाली एक सूर लांबच लांब ताणलेला आणि वर दुसऱ्याची नक्षी. शतकं पालटत गेली. एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने तीच चाल मागून धरायची, पाठशिवणीसारखी. आणि मग तो काळ, जिथे चारही आवाज सारख्या मानाचे, प्रत्येकाला स्वतःची वाट. कुणी साथीदार नाही, कुणी बुवा नाही.

तिथेच आमची गाडी रुतली. टीचर आणि माझी बायको वरच्या दोन ओळी सांभाळायच्या, पण बुवांनी जरा वर झेप घेतली की माझा खर्ज आपोआप त्यांच्यामागे धावे. पुढच्याचा सूर उचलायचा, हाच तर आमचा जन्माचा संस्कार. त्याला आम्ही आदर म्हणत आलो. टीचर कपाळाला हात लावत. “अरे देवा! चार वेगळ्या वाटा दिल्या आणि पोचता दोघे एकाच दारात?” बायको म्हणाली, “अहो, घरात माझं कधी ऐकत नाही, मग बुवांचंच कसं ऐकता?”

शेवटच्या शुक्रवारी सकाळी हारिस, म्हणजे आमचा सुदानी राखणदार, मालकाचा निरोप घेऊन आला. गाण्याची कागाळी गेली होती. पुन्हा आवाज आला तर घर रिकामं करावं लागेल. आणि गाणं चालायचं ते घर आमचं होतं, टीचरचं नव्हे. टीचर म्हणाल्या, “राहू द्या. मी जाणार, तुम्हाला इथेच राहायचंय.”

बायकोने उठून ऐन थंडीत तिन्ही खोल्यांतले एसी लावले. बुवा मांडी घालून बसले. “टीचर, हात उचला.”

आम्ही बरोकपाशी, सतराव्या-अठराव्या शतकांतल्या नक्षीदार संगीतापाशी, पोचलो होतो. माझा खर्ज खाली उंटाच्या चालीने निघाला, वर तिघांची कोरीव, वळणावळणांची कलाकुसर. मध्यावर बुवा वर चढले आणि माझा सूर त्यांच्या सुराला काचेसारखा घासला. आतून सगळं ओरडत होतं, पळ, जा त्यांच्यामागे. नाही गेलो. त्याच क्षणी दार वाजलं. टीचरचा हात खाली आला नाही. आम्ही आवाज लहान केला नाही. घासणारे ते सूर वाकले, सरकले आणि चौघांनी चार टोकांवरून येऊन एक शेवट गाठला. दार उघडलं. हारिस उभा. “खलास?” “खलास.” “मालकाला सांगतो, मी आलो तेव्हा गाणं बंद झालेलं होतं,” मोडक्या हिंदीत म्हणून तो जिना उतरला.

टीचर डोळे पुसत म्हणाल्या, “पोर्तुगीजमध्ये बरोक म्हणजे वेडावाकडा मोती, ठाऊक आहे?”

आता तिथे म्हणे उघड्यावर मैफली होतात. होऊ देत, आनंद आहे. चाळणीतून वाळू जावी तशी ती वर्षं गेली. टीचर गोव्याला गेल्या, बुवा त्यांच्या गावी, आम्ही इथे. पण एक गोष्ट अंगाला चिकटली ती सुटत नाही. इथल्या भजनी मंडळात सगळे एका सुरात रंगले की मी खाली माझी वेगळी वाट धरतो. लोक वळून पाहतात, कुणी कोपराने ढोसतं. मी हलत नाही. थोडा वेळ घासेल, घासू दे. मी माझ्या वाटेनेच येणार आहे.