न उघडायची पुरचुंडी

तव्यावर ओवा तडतडायला लागला, की त्या वासानं मला कळंबचा पहिला हिवाळा आठवतो. मी लग्न होऊन नुकतीच तिथं गेले होते आणि सर्दीनं नाक पार चोंदलं होतं. शेजारच्या चाचींनी मलमलच्या फडक्यात बांधलेली गरम पुरचुंडी आणून दिली. "हुंगत राहा, छाती शेक. पण उघडायची न्हाय," त्यांनी बजावलं. दोन-तीनदा शेकल्यावर नाक मोकळं झालं आणि मला राहवेना. वास तर ओव्याचा, पण आत आणखी असतं तरी काय? एखादी मुळी, की मंतरलेला दोरा? दुपारी दार लोटून मी गाठ सोडली. आत नुसता भाजलेला ओवा, तोही आमच्याच डब्यातला, आदल्या दिवशी चाची वाटीभर मागून घेऊन गेल्या होत्या तो. आमच्या ओव्यात चुकून पडलेले मेथीचे दाणेसुद्धा त्यात होते! संध्याकाळी चाचींनी पुरचुंडी हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही गाठ माझी न्हाय." मी मान खाली घातली. त्या मात्र हसल्या. "अगं, उघडली की वास उडून जातो, म्हणून म्हणलं व्हतं. आता हितनं पुढं तूच बांध." आज लेकीसाठी बांधली. "आत काय आहे?" तिनं विचारलं. "उघडायची न्हाय," मी म्हणाले, आणि गाठ मुद्दाम सैल ठेवली.