चालून दाखव, बाबू

भिलाईत माणसाच्या तोंडाकडे न पाहता त्याला पुरतं ओळखणारा एकच इसम होता, आणि तो आमच्या समोरच्या क्वार्टरात एकटा राहायचा. या काकांची नजर गुडघ्याच्या वर सहसा चढतच नसे. कॉलनीत कोणाचं नाव त्यांना धड आठवायचं नाही. पण 'उजवी टाच घासत चालते ती बाई' किंवा 'घोट्यात आत पडते तो खुर्सीपारचा भजेवाला' म्हटलं, की त्या माणसाचा सगळा इतिहास ते सांगत. उभी नोकरी त्यांनी स्टील प्लांटमध्ये कोळसा आणि चुनखडी वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या पट्ट्यांशेजारी काढली. चालता पट्टा कुठे एका अंगाला सरकतो, कुठे घासतो, हे पाहायचं आणि दुरुस्त करायचं. निवृत्तीनंतर पट्टे सुटले, नजर सुटली नाही. ती माणसांच्या पायांवर उतरली. "डॉक्टर लोकं तुले टेबलावर झोपवून पाहातेत," ते म्हणायचे. "बंद पट्टा सरळच दिसते ना! चालू कर, मंग कळते कुठी मरून राहिला तो."

या शास्त्रापायी त्यांनी एकदा मार खायचाच बाकी ठेवला होता. भाजीबाजारात एक अनोळखी बाई लंगडत चाललेली दिसली आणि काका तिच्या मागे लागले. वांग्यांपासून मासळीपर्यंत ते मागे येतायत हे पाहून बाई वळून कडाडल्या, "क्या चाहिए आपको?" काका शांतपणे म्हणाले, "आपकी चप्पल." माणसं जमली, मला धावत जाऊन हमी द्यावी लागली. पण पाचच मिनिटांनी त्या बाई एका पायावर उभ्या होत्या, काका त्यांच्या चपलेचा झिजलेला तळ उन्हात धरून समजावत होते, आणि हमी मागणारे दोघं आपापले जोडे काढून रांगेत उभे होते. एका लग्नात तर सप्तपदी चालू असताना "नवरदेवाची डावी पिंढरी आखडून राहिली," असं ते मुलीच्या मामांना सांगून मोकळे झाले.

माझा गुडघा त्यांच्या हाती लागला तेव्हा मीही एकटाच होतो. मुलीच्या कॉलेजसाठी बायको तिच्यासोबत पुण्याला गेलेली. मी ऑफिस आणि कुलूप यांच्या मधे ये-जा करायचो. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघ्यात कळ. एक्स-रे स्वच्छ निघाला. काका म्हणाले, "चालून दाखव, बाबू." व्हरांड्याच्या तीन पायऱ्या त्यांनी मला अकरा वेळा उतरायला लावल्या, स्वतः उकिडवे बसून. मग म्हणाले, "गुडघ्यात काईच नाई. उतरताना तो आत पडून राहिला, कारण वरती कमरेचा जोर गेला तुया. पट्टा जिथं घासते ना, दोष तिथं नसते. मांगच्या रोलरात असते." मी विश्वास ठेवला नाही. सुपेला बाजाराजवळच्या फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला चालवून पाहिलं आणि नेमकं हेच सांगितलं. कुशीवर झोपून पाय उचलायचा, पायरीवरून हळू उतरायचं, असा दीड-दोन महिन्यांचा व्यायाम दिला. काका रोज संध्याकाळी येऊन मोजायचे. मोजून झालं तरी उठायचे नाहीत. काकू जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला होता. घरी वाट पाहणारं कोणी नाही, हे दोघांनाही माहीत असल्यामुळे मग आम्ही फिरायला निघू लागलो.

चालताना काका मधेच थांबत. कधी समोरून येणाऱ्या हवालदाराचा घोटा पाहायला, कधी शाळेच्या बाईंची टाच. एका संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी ते थांबले. "काका, कोनाले पाहून राहिले?" मी विचारलं. त्यांचा हात पिंढरीवर होता. दुसऱ्या दिवशी चपलेचा पट्टा बसवायच्या निमित्ताने मी मागे राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासारखं पाहिलं. दोन-अडीचशे पावलं नीट, मग उजवा पाय जड, मग थांबणं. दोन मिनिटं उभं राहिलं की पुन्हा नीट.

"काका, आता तुमी चालून दाखवा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदाच. "मस्करी करून राहिला काय?"

"नाई. रोज तेवढ्याच अंतरावर थांबता तुमी. मले सांगितलं कावून नाई?"

नजर पुन्हा माझ्या पायांवर नेत म्हणाले, "सांगाले काय, बाबू. वाटलं कोनाच्या तरी ध्यानात येईल. काकू गेल्यापासून मले मांगून कोनी पाह्यलंच नाई."

डॉक्टरांनी पावलावरची नाडी चाचपली, तपासण्या केल्या. दोष स्नायूत नव्हता. पायाकडे रक्त नेणारी नळी अरुंद झाली होती. गोळ्या सुरू झाल्या, तंबाखूचा खर्रा बंद झाला, आणि उपाय म्हणून सांगितलं चालणंच: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. "हे तं मी आधीच करून राहिलो होतो!" काका उखडले. पण आता थांबताना ते कोणाच्या टाचेचं निमित्त करत नव्हते. सरळ म्हणायचे, "थांब रे, दुखून राहिलं," आणि मी थांबायचो. थंडी सरेपर्यंत त्यांचा पहिला थांबा पोस्टाच्या पेटीवरून पाण्याच्या टाकीपलीकडे सरकला. त्या दिवशी त्यांनी मला जिलेबी घेऊन दिली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. चांगलंच झालं, मीच त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. अकराव्या मजल्यावर घर आहे, खाली गोल फिरायला रस्ता आहे, काका तिथे रोज चालतात.

"बरं आहे ना काका तिथं?" मी परवा विचारलं.

"बरं आहे. पाय चांगला आहे," ते म्हणाले. "पन इथं लोकं चालतच नाई रे. घरून लिफ्टात, लिफ्टातून गाडीत. कोनाले पाहू?" मग म्हणाले, "तू आता कुठी आहेस? रस्त्यावर कोन चालून राहिलं?"

मी फोन कानाला तसाच धरून क्वार्टरच्या फाटकापाशी आलो. प्लांटची पहिली पाळी सुटली होती. एक माणूस डबा घेऊन येत होता. त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"डावा पाय बाहेर टाकते, काका," मी म्हणालो, "अन् घाईत आहे."

"हं," काका म्हणाले. "अन् त्याच्या मांगून?"