बंद पाडलेली पाळी

सकाळी सातला बांधावर माझा पाय चपलेसकट घोट्यापर्यंत आत गेला. काढून बघितलं तर खाली चिंबोरीचं, खाडीतल्या खेकड्याचं, बीळ. दहा पावलांवर दुसरं. त्यापुढे मी मोजायचं सोडून दिलं.

अमावास्या होती. बाराच्या सुमाराला उधाणाची भरती येणार, आणि आदल्या दिवसापासून खाडीवर वारा लागलेला. बांधाच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला निसवलेलं, लोंब्या धरलेलं भात आणि त्याच्या मागे अख्खा पाडा. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन वर्षं तिथे भात विसरायचा. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. चिंबोऱ्या बांध पोखरतात हे नव्हतं शिकवलं.

पाड्याची एक जुनी रीत होती. तिला पाळी म्हणत. दर उधाणाआधी, ओहोटीला, घरटी एक माणूस बांधावरून अनवाणी चालायचं. पाय रुतेल तिथे खणायचं, चिखल भरायचा. मजुरी काही नाही. निम्मी जमीन बाहेरगावच्या मालकाची, तिचीही राखण फुकट. मी बावीस वर्षांची, संस्थेत नवी. मला ही सरळ वेठ दिसली, आणि आजही दिसते. मी पत्रक काढलं: बांध मालकाचा, दुरुस्ती मालकाची, फुकट राबू नका. घरोघर वाचून दाखवलं. लोकांनी ऐकलं. दोन महिने पाळी बंद.

मालक म्हणाला, "कुळकायद्यात जमीन कुळांकडे जाणार. मी खर्च कशाला करू?" मामलेदार कचेरीतला कारकून म्हणाला, "अर्ज ठेवून जा." मी अर्जाची पोच फायलीला लावली आणि काम झालं असं समजले.

त्या सकाळी सायकल मारत संस्थेचं माणिकपूरचं ऑफिस गाठलं. सेक्रेटरी नुकतेच कुलूप काढत होते.

"सर, कचेरीला कळवा. माणसं आणि पोती पाठवायला सांगा."

"कळवतो. किती वाजेपर्यंत येतील असं तुला वाटतं?"

"बारापर्यंत नाहीच."

"मग तू इथे काय करतेस?"

"मीच लोकांना काम बंद करायला सांगितलंय, सर. आता कुठल्या तोंडाने चालू करा म्हणू?"

"त्याच तोंडाने. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

परत पाड्यावर आले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. हिरूबाय उंबऱ्यात बसली होती. पाड्यातली सगळ्यात जाणती बाई. पाळी कुणाची हे तीच ठरवायची.

"हिरूबाय, बांध पोखरलाय. माणसं हवीत."

"कागदात तर राबू नका लिवलंय."

"माझी चूक झाली."

"चूक कशी? मालकानं फुकट राबवलं ते खरंच हाय. पन बाय, पानी काय मालकाचं घर इचारत येतं?"

ती उठली. मागे पडवीत घमेली, कुदळी आणि पेंढा रचून ठेवलेला होता.

"हे तयार होतं? मग थांबलात कशाला?"

"तुज्यासाठी. पोरं म्हनाली, ताईला शब्द दिलाय. ती सांगंल तवा जाऊ."

मी एक कुदळ उचलली आणि म्हणाले, "चला."

माणसं बांधावर पसरली. मी शेताच्या बाजूने एका बिळात चिखल कोंबायला लागले. हिरूबायने माझा हात धरला. "आतून बुजवलंस तर पानी मधी शिरून फुगतंय. खाडीकडून खन." बीळ तळापर्यंत खणायचं, चिखलात पेंढा कालवायचा, भरायचा आणि पायाने तुडवायचा. खाडी चढत होती. मी सारखी पाण्याकडे बघत होते. बाकी कुणी बघत नव्हतं.

अकराला उघाडीजवळ बांध खचायला लागला. उघाडी म्हणजे पाणी सोडायची लाकडी फळ्यांची झडप. तिच्या बाजूची माती भसाभसा सुटत होती. हिरूबायने दोन घमेली टाकून बघितली, मग म्हणाली, "हे सोडा. मागं आडबांध घाला."

"बांध आणि आडबांधाच्या मधली पट्टी कुणाची?" मी विचारलं.

सगळे मागे जाऊन खणायला लागले. पट्टी हिरूबायचीच होती.

बाराला पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर होतं. उघाडीजवळून ते आत शिरलं, हिरूबायचं भात बुडवलं, आडबांधाला येऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. भरती मागे फिरेपर्यंत कुणी खाली बसलं नाही.

सरकारी पोती चौथ्या दिवशी आली. मालकाकडे मजुरी मागायला गेले तर तो म्हणाला, "बांध टिकला ना? मग मजुरी कसली?" त्याच्याशी माझं भांडण अजून चालू आहे, आणि मी ते सोडणार नाही. पण नव्या पत्रकात मजुरीच्या मागणीच्या वरती एक ओळ आहे: पाळी मोडू नका. संप मालकाविरुद्ध करता येतो, उधाणाविरुद्ध नाही.

पुढच्या पौर्णिमेला पाड्याने हिरूबायला पाळी माफ केली. भातच नाही, तर राखायचं काय? तिने ऐकलं नाही. आपल्या घरचं माणूस म्हणून मला पाळीला लावलं.

नवीन कार्यकर्ता आला की मी त्याला आधी बांधावर नेते आणि चपला काढायला सांगते. चपलेला बीळ कळतं ते पाय आत गेल्यावर. तळव्याला आधी कळतं.