बेटावरचं बकरं आणि तुको अण्णा

होडीत कोणी उभा राहिला की तुको अण्णा आधी त्याला वल्ह्याने मारत आणि मग त्याचं नाव विचारत. माझी त्यांची ओळख अशीच झाली. बेंगळुरूत, हलसूरच्या तळ्यात एका रविवारी तोल सावरायला म्हणून मी उठलो आणि नडगीवर असा फटका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"नाव काय?"

"केशव."

"पुण्याचा?"

"हो."

"तरीच. उभं राहून शिकवायची खोड."

तुकोजीराव जाधव बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातले. घरात मराठी, पण कानडी शब्द मिसळल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. कॉटनपेटेत त्यांचं तंबू आणि ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत ते ब्रह्मदेशात होते आणि तिथे लष्कराच्या घडीच्या होड्या दुरुस्त करायला शिकले होते. परत आल्यावर त्यांनी बांबूचा सांगाडा, वर जाड कॅनव्हास आणि डांबराचा हात, अशा एका-दोघा माणसांपुरत्या अरुंद होड्या बनवल्या. कयाक हा शब्द आम्हाला फार पुढे कळला. होडी मोडून गुंडाळली की बसच्या टपावर जाई. दर हिवाळ्यात दोघातिघांना घेऊन ते पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि एखाद्या निर्मनुष्य बेटावर आठवडाभर राहत. तंबू दुकानातला, तांदूळ घरचे, मासे समुद्राचे. विमान कारखान्यातल्या आम्हा नव्या इंजिनियरांना इतक्या स्वस्तात समुद्र दाखवणारं दुसरं कोणी नव्हतं.

मार मात्र ठरलेला. पाण्याच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं, थप्पड. गाठ चुकली, थप्पड. भटकळच्या बस स्टँडवर हमालांनी होडी फरफटत नेली तेव्हा तिघांना त्यांनी एकट्याने लोळवलं आणि मग त्यांनाच चहा पाजला. "समुद्र सांगून मारतो काय रे? मी निदान सांगून मारतो," असं ते म्हणत. सांगून मारत नसत, ही गोष्ट वेगळी.

साठ सालच्या आसपास एका हिवाळ्यात मी आणि कारखान्यातला माझा सोबती गोखले त्यांच्याबरोबर गेलो. आम्ही उतरलो त्या बेटावर कोळ्यांच्या देवीचं दगडी ठाणं होतं. नवस फिटला की कोळी तिथे एक बकरं जिवंत सोडून जात. त्याला पुढे कोणी हात लावायचा नाही, असा रिवाज. उतरतानाच अण्णांनी बजावलं, "ही जनावरं देवीची. त्यांच्याकडे बघून स्वल्प हसा पाहिजे तर. हात लावायचा नाही."

दोन दिवसांनी वारा उठला आणि परतीची वाट बंद झाली. त्याच गडबडीत मी बांधलेली गाठ सुटली आणि तांदळाचं पोतं खाऱ्या पाण्यात गेलं. अण्णांनी मला ओठ फुटेपर्यंत मारलं. "आईने भात खायला शिकवला, सांभाळायला नाही?" हे ऐकून गोखले हसला. माराचं मला तितकंसं काही वाटलं नाही. ते हसणं मात्र अंगात भिनलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खडकांवर गळ टाकायला गेले आणि मी नारळ फोडायचा कोयता उचलला. भूक लागली म्हणून, असं मी गोखलेला सांगितलं. ते खोटं होतं. आदल्या दिवशीचे मासे शिल्लक होते. बकरं पळालं नाही. माणूस मारतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. ते माझा हात चाटायला पुढे आलं. जन्मात मी कोंबडीदेखील कापली नव्हती. पहिला घाव हाडावर बसला आणि कोयता तिथेच अडकला. ते किंचाळत मला ओढत घेऊन गेलं. मी कोयता उपसून पुन्हा मारला, पुन्हा मारला. प्रत्येक घावाला माझ्यासमोर अण्णांचा चेहरा होता. ते थंड झाल्यावरही मी थांबलो नव्हतो. गोखले तंबूमागे ओकत होता.

अण्णा आले तेव्हा मी रक्ताने न्हालेला होतो. त्यांनी हात उचलला तर त्यांच्यावरही कोयता चालवायचा, असं मी ठरवलं होतं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ते त्या बकऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "एवढे घाव?" इतकंच म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातला कोयता काढून घेतला.

वारा पडला होता. थोड्या वेळाने कोळ्यांचं शीड दिसलं. "जा, समुद्रात जाऊन अंग धू," अण्णा म्हणाले. "मी हाक मारल्याशिवाय वर येऊ नको."

मी गळ्याएवढ्या पाण्यात उभा होतो. कोळी उतरले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने कानडीत विचारलं, कोणी कापलं? कोयता अण्णांच्या हातात होता. "नानू," ते म्हणाले. मी. त्यांनी कोयता वाळूत टाकला आणि हात अंगालगत सोडले. तिघा हमालांना लोळवणारा तो माणूस वल्ह्यांचा मार खात नुसता उभा राहिला. गुडघे टेकले, पुन्हा उभा राहिला. एक वल्हं उजव्या कोपरावर बसलं तेव्हा झालेला आवाज मला पाण्यात ऐकू आला. मी बाहेर आलो नाही. माझं अंग केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मारून झाल्यावर त्याच कोळ्यांनी आम्हाला आपल्या होडीतून किनाऱ्यावर सोडलं. अण्णांना दवाखान्यात ठेवून, गोखलेला त्यांच्याजवळ बसवून मी निरोप द्यायला बेंगळुरूला आलो. त्यांच्या बायकोने, अक्कांनी, सगळं ऐकण्याआधीच विचारलं, "केशवा, खरं सांग. प्याले होते ना?"

लढाईहून आल्यावर अण्णा फार पीत. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दारू सोडली होती, हे मला माहीत होतं.

"हो, अक्का," मी म्हणालो. "पिऊन कोळ्यांशी भांडले."

अण्णांचा तापट स्वभाव सगळ्यांना ठाऊक. कोणी शंका घेतली नाही. गोखले बदली मागून कानपूरला गेला. अण्णांचं कोपर पुन्हा वळलं नाही. कातर धरता येईना, वल्हं धरता येईना. दुकान भावाकडे गेलं. अक्का त्यांना ताट वाढत, पण बोलत नसत. वर्षानुवर्षं नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा त्या निरोप दुसऱ्याकडून देत. "मी प्यालो नव्हतो" असं अण्णांनी एकदाही म्हटलं नाही. त्यानंतर त्यांनी कोणावर हात उगारलेलाही मी पाहिला नाही.

ते शेवटच्या आजारात असताना मी गेलो. अक्का त्यांना चमच्याने कांजी भरवत होत्या, न बोलता. त्या आत गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, आज मी त्यांना खरं सांगतो."

"नको रे," ते म्हणाले. "आज सांगितलंस तर मी मेल्यावर ती एकेक वर्ष आठवून रडत बसेल. मी बोललो नाही ते काय तुझ्यासाठी वाटलं? पहिल्या वर्षी तुझ्यासाठी. मग वेळ गेली. आता ती आहे तोवर गप्प बस. सरी?"

"सरी, अण्णा," मी त्यांच्याच कानडीत होकार दिला.

ते गेले. चितेपाशी लोक म्हणाले, दारूने आणि रागाने चांगला माणूस वाया घालवला. मी मान डोलावली.

अक्का जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची मुलगी बनशंकरीला राहते, माझ्या घरापासून फार लांब नाही, आणि वडिलांचा फोटो तिने भिंतीवर लावलेला नाही. अक्का असेपर्यंत मी अण्णांच्या शब्दाखातर गप्प होतो. त्यानंतर मला गप्प राहायला कोणी सांगितलं नव्हतं.