रामहरीच्या रेडिओवरची गावं

बहात्तरच्या दुष्काळात वडवणीचा रामहरी दिवसभर कामावर खडी फोडायचा आणि सांजेला सोसायटीच्या कचेरीत रेडिओपुढं जाऊन बसायचा. व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ. आतला दिवा लागला की काचेवरची नावं हळूहळू उजळायची : लंडन, कोलंबो, कैरो, अंकारा. बातम्या काय चालल्यात याकडं त्याचं ध्यान नसायचं. त्या पिवळ्या उजेडात तो एकेका गावाला जाऊन यायचा, आणि तिथं सगळीकडं नद्या वाहत असायच्या.

पुढं सोसायटीनं ट्रान्झिस्टर घेतला. चेअरमन सुंदरराव म्हणाले, "ही जुनी पेटी तूच ने बाबा. तुझ्याइतकी कुणी पाहिली न्हाई."

पेटीच्या नादानं रामहरी रेडिओ दुरुस्त करायला शिकला. बाजारतळाजवळ दुकान टाकलं.

वीस वर्षांनी औरंगाबादचे मोहनराव दुकानात आले. जुन्या वस्तू जमवायचा त्यांना छंद. पेटी पाहून ते थबकले. बैलजोडी येईल एवढी किंमत बोलले आणि आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणाले.

पाहुण्याला चांगली वस्तू द्यावी म्हणून रामहरीनं लाकूड घासलं, झळाळतं वार्निश मारलं. मग काच स्पिरिटनं पुसली, तर सगळी नावं कापसावर उतरली. बराच वेळ तो कोऱ्या काचेकडं बघत राहिला. मग बारीक कुंचल्यानं आठवतील ती नावं लिहिली. कैरोच्या पुढचं आठवेना. तिथं त्यानं लिहिलं : वडवणी, पाली, शिरूर.

मोहनराव आले आणि खालीच बसले. "अहो, हे काय केलंत? जुनेपणालाच तर मोल होतं."

"लई मळला होता, सायेब. आता सोभतोय."

"शोभतोय, पण आता चौथाईसुद्धा येणार नाही." त्यांनी काचेवर बोट फिरवलं. "पाली लागते का यावर?"

"मला लागते," रामहरी म्हणाला.

मोहनराव हसले, पण पेटी काही त्यांनी घेतली नाही.

महिन्याभरानं त्यांनी एक बंद पडलेला ग्रामोफोन पाठवला. सोबत चिठ्ठी होती : 'फक्त स्प्रिंग बसवा.' रामहरीनं तेवढंच केलं. बायको सत्यभामा फडकं घेऊन आली, तर म्हणाला, "धूळ ऱ्हाऊ दे. ती बी त्येंचीच हाय."

त्यानंतर मोहनरावांच्या वस्तू वडवणीलाच येऊ लागल्या.