खबर होती, माहीत नव्हतं

माझी जीभ तिखट आहे, हे मला माहेरापासून ऐकवलं गेलंय. पण माझ्या जिभेने कुणाचं घर गेलं नाही. घर गेलं ते माझ्या हाताच्या लिहिण्याने. आणि त्यातही, जे लिहिलं त्याच्याइतकंच जे गाळलं त्याने.

मी सुरतचीच. आई-बाप धुळ्याकडचे, पण मी उधन्यात जन्मले, गुजराती शाळेत शिकले, बारावीपर्यंत गेले. लग्न होऊन आले तेव्हा सासरी गुजराती फर्डी बोलणारी मी एकटीच. घरात सगळी अहिराणी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामांना गुजराती बोलता यायची, लूमच्या खडखडाटात चालते तेवढी. लिहिता-वाचता येत नव्हती. सही मात्र झोकात करायचे.

मामा आणि त्यांचे साडू, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दोघांनी मिळून एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली होती. नाव ऐकून हसू नका. कंपनी म्हणजे काय, तर दोन साडू, दोन बहिणी आणि उधन्यातली एक पावरलूमची शेड. शेड कंपनीच्या नावावर. शेडवरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. साडूबुवा मॅनेजिंग डायरेक्टर. कागद, बँक, सरकारी ऑफिसं सगळं त्यांच्याकडे. मामांकडे लूम. "ते लिहितात, आपण विणतो," असं मामा कौतुकाने सांगायचे, आणि मला ते ऐकून तेव्हाही राग यायचा.

प्लेगच्या साली, चौऱ्याण्णवला, सुरत रिकामी झाली तशी आम्हीही गावाकडे पळालो. मामांचा भाऊ तिकडे आजारी पडला आणि मामा संक्रांतीपर्यंत तिथेच अडकले. परत आल्यावर एका सकाळी चहाच्या गाडीवरून आले ते उतरलेल्या तोंडाने. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, "तुमची शेड विकली गेली म्हणे." विकली कुणाला, तर म्हणे साडूबुवांच्या बायकोच्या नावावरच्या एका फर्मला. म्हणजे कंपनीचा डायरेक्टरच विकणारा आणि त्याच्याच घरात घेणारा. सासूबाई तर कानांवर हात ठेवून बसल्या, कारण घेणारी त्यांची सख्खी बहीण.

आता कुणी म्हणेल, सरळ जाऊन विचारायचं. अहो, थोरल्या साडूला तोंडावर असं विचारणं आमच्यात होत नाही. लग्नात ज्याचा मान आधी, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून "तू चोर आहेस का" म्हणायचं? मामा म्हणाले, चिठ्ठी लिहू. मला समोर बसवलं आणि सांगितलं, "पोरी, लिही. माले खबर से, तुम्ही शेड ईकी टाकी. खरं काय, खोटं काय, ते सांगा." शेड विकून टाकल्याचं कानावर आलंय, खरं-खोटं सांगा, झालं, एवढंच.

"आपल्याच भाषेत लिही," असंही म्हणाले. मीच शहाणी! मी म्हटलं, "मामा, कंपनीचं पत्र आहे, कंपनीच्या पत्रासारखं दिसू द्या. त्यांचे मुनीम हसतील आपल्याला." आणि ठसक्यात गुजरातीत लिहिलं, 'मने खबर छे के तमे शेड वेची नाख्यो छे.' पुढचं वाक्य लिहायला पेन टेकवलं आणि माझं डोकं फिरलं. खरं काय खोटं काय ते सांगा? ज्याने आपल्या पायाखालची जमीन काढली त्याच्यापुढे हे असलं मिळमिळीत? भीक मागितल्यासारखं? मी ते वाक्य गाळलं आणि लिहिलं, 'जवाब आपो.' उत्तर द्या. मामांनी वाचून दाखव म्हटल्यावर मी त्यांना त्यांचंच वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी झोकात सही केली आणि पत्र हातोहात भेस्तानला, साडूबुवांच्या घरी गेलं.

उत्तर आलं ते तोंडी. साडूबुवा हसत घरी आले, मामांच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "लोकं काय, काहीही उठवतात. शेड कुठे पळून जाणार आहे?" मामांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला, पण मी गप्प बसले.

पुढे दीड वर्षाने शेडच्या घरपट्टीच्या बिलावर दुसरंच नाव आलं. तेव्हा कुठे माझ्या नवऱ्याने रजिस्ट्रारच्या ऑफिसात खेटे घालून दस्ताची नक्कल आणली. विक्री खरी होती. कंपनीच्या बैठकीत ठराव झाला म्हणे. ज्या दिवशी बैठक दाखवली त्या दिवशी मामा गावाकडे भावाच्या उशाशी बसलेले. नक्कल मी वाचली आणि मामांनी ऐकली. खाली जाऊन त्यांनी लूम बंद केले, सगळे, एकामागून एक.

तरी कोर्टात जायचं नाव नाही. पाहुणे-रावळे बसले, दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली, कधी नंदुरबारला, कधी साडूबुवांच्या दिवाणखान्यात. घरची भांडणं घरात, घरची भांडणं घरात! प्रत्येक बैठकीनंतर पुढची बैठक. यात दोन वर्षं कशी गेली कळलं नाही. शेवटी खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस आली तेव्हा आम्ही वकिलाकडे गेलो.

वकीलसाहेब म्हातारे, गुजराती, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: तुम्हाला कळलं कधी? डायरेक्टरने कंपनीचा विश्वास मोडला, ठीक. दस्त रद्द होऊ शकतो, ठीक. पण कळल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत यावं लागतं. एक दिवस जास्त झाला तरी कोर्ट दार लावून घेतं. नक्कल मिळाल्यापासून मोजलं तर आम्ही वेळेत होतो. वकीलसाहेबांनी विचारलं, "त्याच्या आधी त्यांना काही लिहून दिलंय?" मामा म्हणाले, "एक चिठ्ठी. कानावर आलं ते खरं का खोटं, एवढंच विचारलं." वकीलसाहेब म्हणाले, "विचारलं ना? मग उलट चांगलं. ज्याला माहीत असतं तो विचारत नाही."

मी शेजारीच बसले होते. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मी, तिथे पदर चोळत बसले. मनाला समजावत राहिले, चार वर्षांपूर्वीचं चिठोरं, कुणी ठेवलं असेल? साडूबुवांनी तेव्हाच फाडून टाकलं असेल. दावा दाखल झाला, तारखा पडू लागल्या आणि प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी मला अन्न गोड लागेना. नवरा विचारायचा, काय झालं? मी त्याच्यावरच खेकसायचे.

मामांची उलटतपासणी होती त्या दिवशी मी हट्टाने कोर्टात गेले. मागच्या बाकावर बसले. मामा धुतलेलं धोतर नेसून पिंजऱ्यात उभे, लग्नाला निघाल्यासारखे. समोरच्या वकिलाने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग फाइलीतून एक कागद काढला. घडीवर पिवळा पडलेला. अक्षर लांबूनही ओळखलं मी.

"सही तमारी?"

"हा," मामा म्हणाले.

वकिलाने मोठ्याने वाचलं. 'मने खबर छे के तमे शेड वेची नाख्यो छे.' मग विचारलं, "म्हणजे तेव्हा तुम्हाला खबर होती?"

"खबर तो हती," मामा म्हणाले. मग थांबले, काहीतरी चुकलं हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्याकडे खबर म्हणजे काय? उडत आलेली बातमी. अमक्याची खबर आली, पुढे खरी निघो की खोटी. गुजरातीत मात्र खबर छे म्हणजे माहीत आहे, पक्कं. मामांना 'माहीत असणं' याला दुसरा गुजराती शब्द सुचेना. घाम पुसत ते म्हणाले, "साहेब, खबर हती, पण खबर नहोती."

कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा हसला. मला वाटलं उठावं आणि एकेकाच्या कानाखाली वाजवावी.

मामा हसले नाहीत. त्यांना अजून आधार होता. समजावणीच्या सुरात ते म्हणाले, "साहेब, पुढचं वाचा. पुढे मी विचारलंय, खरं काय, खोटं काय. वाचा तर खरं."

समोरच्या वकिलाने कागद जज्जसाहेबांकडे दिला. "पुढे फक्त 'जवाब आपो' आहे, साहेब. खऱ्या-खोट्याचं काही नाही."

मामांनी वळून मागे पाहिलं. थेट माझ्याकडे. किती वेळ पाहिलं कोण जाणे, मला ते अजून संपलेलं नाही. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं समजलं होतं. जज्जसाहेबांनी विचारलं, "तुम्ही सांगितलं एक आणि लिहिलं गेलं दुसरं, असं म्हणणं आहे का? लिहिलं कोणी?"

मी उठले. खरंच उठले. पण त्याआधी मामा बोलून गेले होते. "नाही साहेब. जसं लिहिलंय तसंच मी सांगितलं होतं. आता आठवलं."

त्या माणसाने आयुष्यात शपथेवर एकच खोटं सांगितलं, ते हे.

बाहेर वकीलसाहेब डोक्याला हात लावून उभे. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, तू साक्ष दे, तूच लिहिलंस, वाक्य गाळलंस, असं सांग. अजून आशा आहे. मी तयार होते, त्याच क्षणी आत जायला तयार होते. मामांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "मी शपथेवर बोललो, पोरी. आता तू उभी राहून मला खोटा पाडणार का? आणि सगळ्या कोर्टात ते तुला काय काय विचारतील? नाही. घरात आणलेल्या लेकीला मी तिथे उभी करणार नाही."

मी भांडले. रडले, पायांवर डोकं ठेवलं, नवऱ्याला मध्ये घातलं. घर जाईल मामा, म्हटलं. ते नाहीच म्हणाले. मला खरं सांगायचं होतं, पण मी खरं सांगितलं तर म्हातारपणी ते खोटे ठरत होते. मग मी गप्प बसले. आजही कुणी विचारलं की बरोबर केलंस का, तर मला सांगता येत नाही.

निकालाच्या दिवशी सगळे उभे होतो. जज्जसाहेबांनी गुजरातीत भराभर वाचलं, कायद्याची भाषा, मामांच्या डोक्यावरून गेली. 'मुदत बहार' एवढे दोन शब्द मला कळले आणि पुढचं ऐकूच आलं नाही. साडूबुवा वळून चपला घालू लागले. मामा माझ्याकडे झुकले. "काय म्हणाले वं पोरी?"

या वेळी मी एक शब्दही गाळायचा नाही, असं ठरवलं. "उशीर झाला म्हणाले, मामा. त्या पत्रापासून तीन वर्षं उलटून गेली, म्हणून दावा चालणार नाही. खोल्या सोडाव्या लागतील."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "आणि ते? शेड त्यांनी फसवून घेतली, त्याचं काय म्हणाले?"

"त्याचं काही नाही म्हणाले."

"म्हणजे? खरं आमचं का त्यांचं?"

"ते बघितलंच नाही त्यांनी, मामा," मी म्हटलं. "तिथपर्यंत गेलेच नाहीत."